फोन लागला नाही तर काय समजायचं? कॉलेजला गेलेली मुलं आणि कोकणातलं घर

रत्नागिरीत आमच्या माडीवर चार खोल्या आहेत. गेली चौदा वर्षं तिथे कॉलेजच्या मुली राहतात आणि खाली आमच्याकडेच जेवतात. कुणी राजापूरची, कुणी गुहागरची, कुणी पार देवगडची. त्यांच्या आयांना मुलीचा फोन लागला नाही की माझा लागतो. "काकू, आमची उचलत नाहीये हो फोन, जरा बघता का?" मी गुडघे सांभाळत जिना चढते. पोरगी कानात इअरफोन घालून जर्नल उतरवत बसलेली असते. तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि मग मीही त्याच्या रूम पार्टनरला "बाळा, जरा बघतोस का रे" म्हणणारी आई झाले.

दोन्हीकडून बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. घर आणि मूल यांच्यात फोन कमी झाल्यामुळे भांडणं होत नाहीत. फोन लागला नाही याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावल्यामुळे होतात. आईला वाटतं काहीतरी झालं. मुलीला वाटतं पाळत ठेवतायत. खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की वाडीवरची लाइट गेली आणि मागोमाग टॉवरही गेला. आपल्याकडे पावसाळ्यात फोन न लागणं ही काही बातमी नव्हे. म्हणून किती वेळा बोलायचं याच्याआधी, बोलणं झालं नाही तर काय समजायचं हे ठरवावं आणि बाकीचं त्याभोवती बसवावं. आमच्या घरात आणि माडीवरच्या मुलींच्या घरांत हे कसं बसत गेलं, ते पायरीपायरीने सांगते.

पायरी १: निघायच्या आदल्या रात्री दोन कागद

बॅगा भरून झाल्या की जेवणं उरकून सगळ्यांनी ओटीवर बसायचं आणि दोन कागद हाताने लिहायचे. नंबर मोबाइलमध्ये आहेत हे मला सांगू नका. ज्या दिवशी मोबाइल पाण्यात पडतो त्याच दिवशी नंबर लागतात.

पहिला कागद घरी राहणार. फोन चार्जिंगला लावता त्या बोर्डाशेजारी भिंतीला चिकटवा. त्यावर मुलाचा नंबर, दोन रूम पार्टनरचे नंबर (एकच घेऊ नका, तो आणि तुमचा मुलगा एकत्रच सिनेमाला जातात), रेक्टर किंवा घरमालकांचा, कॉलेजच्या ऑफिसचा, आणि त्या शहरातल्या अशा एका माणसाचा जो रात्री अकरा वाजता स्कूटर काढून जाऊ शकेल. मावसभाऊ असेल, गाववाला असेल, त्याला आधी विचारून ठेवा. पत्ता पूर्ण लिहा, इमारत, मजला, जवळची खूण. मुलगा वर्षभर पुण्यात आहे आणि घरच्यांना "कात्रजला असतो" यापलीकडे सांगता येत नाही, अशी घरं मी पाहिली आहेत.

दुसरा कागद मुलाच्या पाकिटात. त्यावर घरचे नंबर, शेजारच्या ज्या घरात रेंज येते त्यांचा, वाडीतल्या दुकानाचा, आणि कोकणाबाहेर राहणाऱ्या एका नातेवाइकाचा. या शेवटच्या नंबरचं काम चौथ्या पायरीत येईल. कागदाच्या पाठीवर रक्तगट, एखादं औषध सोसत नसेल तर त्याचं नाव, आणि तीन सरकारी नंबर: कुठल्याही आपत्तीला ११२, पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीला १९३०, रॅगिंगला १८००-१८०-५५२२. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांकडूनही घेतात. प्रवेशाच्या गडबडीत त्यावर सही ठोकून मोकळे होऊ नका. त्या निमित्ताने "असं काही झालं तर पहिला फोन मला कर, मी ओरडणार नाही" हे एक वाक्य बोलून घ्या.

पायरी २: घरातली रेंज शोधा

कोकणातल्या घराला देवाची जागा असते तशी रेंजचीही जागा असते. माझं माहेर दापोली तालुक्यात आहे. तिथे ती न्हाणीच्या मागे, रातांब्याखाली होती. आई पावसात छत्री घेऊन रातांब्याखाली उभी राहायची आणि चार मिनिटांत "चल, ठेवते" म्हणायची. माझ्या मुंबईच्या भावाला कित्येक महिने वाटत होतं की आई हल्ली तुटक बोलते, काहीतरी मनात ठेवलंय. मे महिन्यात तो आला तेव्हा त्याने तिला उभं राहिलेलं बघितलं. एका हातात छत्री, एका हातात फोन, आणि साडीचा काठ चिखलात. दुसऱ्या दिवशी त्याने तिथे दोन वासे उभे करून वर पत्रा टाकला आणि खाली प्लास्टिकची खुर्ची ठेवली. फोन पंधरा मिनिटांचे झाले.

तेव्हा मूल घरी असतानाच त्याला फोन देऊन घरभर फिरवा. ओटी, पडवी, माजघर, खळं, विहिरीची बाजू. जिथे दोन काड्या तरी टिकतात तिथे बसायची सोय करा. घरात दोन फोन असतील तर सिम वेगवेगळ्या कंपन्यांची घ्या. दोन्ही टॉवर एकदम पडायला मोठं वादळच यावं लागतं. घरात फायबर आलं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. टॉवर नसला तरी मग साधा फोन लागतो, वेगळं ॲप लागत नाही. मात्र लाइट गेली की राउटरही जातो. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो घेतलात तर रात्रीचं बोलणं वाचतं.

आणि आईबाबांना साधा एसएमएस वाचायला आणि लिहायला शिकवा. नेट नसताना, आवाज तुटत असताना एसएमएस जातो. फोन बंद असेल तर थांबून राहतो आणि रेंज आली की पोचतो. अक्षरं सापडत नसतील त्यांनी नुसता '१' पाठवला तरी पुरे. एक म्हणजे सगळं ठीक.

पायरी ३: वेळ ठरवा, दोघांचं घड्याळ बघून

घरी आठला पानं घेतात आणि साडेनऊला दिवे मालवतात. हॉस्टेलवर साडेआठला मेसची रांग लागते आणि दहाला खरा दिवस सुरू होतो. आई साडेनऊला "झोपायच्या आधी एक फोन" म्हणून लावते तेव्हा पोरगं ताट हातात घेऊन उभं असतं. ते उचलत नाही, उचललं तर "नंतर करतो" म्हणतं, आणि नंतर करतं तेव्हा घर घोरत असतं.

आमच्याकडे असं ठरलंय: रोज रात्री दोन शब्दांचा मेसेज, आणि आठवड्यातून दोन बसून फोन, एक बुधवारी पावणेआठला, एक रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर. मेसेजात "जेवलो" एवढंही चालतं. घरूनही तसाच एक मेसेज जातो, कारण हजेरी एकट्या मुलाचीच घ्यायची नसते. पहिले दोन महिने फोन जास्त होतील, होऊ देत. गणपतीनंतर आपोआप कमी होतात. त्याचा अर्थ पोरगं रुळलं एवढाच घ्यावा.

मी स्वतः हॉस्टेलला होते तेव्हा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर रांग असायची. काचेच्या पेटीत शिरलं की मीटरवर लाल आकडे पळायला लागायचे. तीन मिनिटांत आईला सगळं सांगून व्हायचं, वर रडूनही व्हायचं. आता बोलणं फुकट झालंय आणि सांगायला काही सापडत नाही.

पायरी ४: न बोलण्याचा अर्थ लिहून ठेवा

बाकीच्या पायऱ्या घाईत झाल्या तरी चालेल, ही नीट करा. आमच्या भिंतीवरच्या कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात जे लिहिलंय ते तसंच सांगते.

रात्रीचा मेसेज आला नाही: काही झालेलं नाही. झोपायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नाही: एक मिस्ड कॉल आणि एक एसएमएस. सतरा कॉल नाहीत. सतरा मिस्ड कॉल बघून पोराच्या पोटात गोळा येतो, त्याला वाटतं घरी कुणी गेलं. दुसऱ्या रात्री आठपर्यंत उत्तर नाही: रूम पार्टनरला फोन. तोही उचलत नाही: घरमालक. तिथेही नाही: स्कूटरवाला मामा. या क्रमाने गेलं की दोन रात्रींच्या आत काय ते कळतं, आणि मधल्या वेळात देव पाण्यात घालून बसावं लागत नाही.

त्याच्या खाली उलटी बाजू आहे. घरचा फोन लागत नसेल तर मुलाने काय समजायचं? पावसाळ्यात एक दिवस: लाइट गेली असेल. दोन दिवस: शेजारी फोन. तीन दिवस: दुकानात फोन, "जरा कुणाला तरी घरापर्यंत पाठवा."

आणि एक खूण दोन्हीकडून सारखी: लागोपाठ तीन फोन आले तर वर्गात असलास तरी बाहेर येऊन उचलायचं. ही खूण 'गॅसचं बुकिंग कसं करायचं' यासाठी वापरायची नाही. माझ्या नवऱ्याने एकदा टीव्हीचा रिमोट चालेना म्हणून तीन फोन केले होते. पोरगं प्रॅक्टिकल सोडून धावलं. त्यानंतर सहा महिने त्या खुणेला किंमत नव्हती.

आता तो कोकणाबाहेरचा नातेवाईक. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि दापोली-मंडणगडकडे पोफळी-माडांच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब गेले, मोबाइल गेले. रत्नागिरीहून मी आईला फोन लावत होते, भाऊ मुंबईहून मला लावत होता, आम्ही एकमेकांनाच एंगेज मिळत होतो. आईचा आवाज पाचव्या दिवशी ऐकला, तोही दापोलीत आलेल्या शेजाऱ्याच्या फोनवरून. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. ठाण्याची नणंद मध्ये बसली. चिपळूणच्या नातेवाइकांतल्या ज्याला रेंज मिळेल त्याने तिलाच कळवायचं, आणि बाकीच्यांनी तिलाच विचारायचं. घर आणि मूल दोघंही आपत्तीत एकमेकांना शोधत बसले तर दोघांचीही बॅटरी संपते. तिसऱ्या, कोरड्या जागेतल्या माणसाकडे एकेक ओळ टाकून ठेवायची.

पायरी ५: बोलायचं काय

माडीवरून पायऱ्यांवर बसून मुली बोलतात, ते कानावर पडतंच. नेहमीचा फोन असा असतो:

"जेवलीस?"
"हो."
"काय होतं?"
"भाजी."
"कसली?"
"माहीत नाही. पिवळी."
"अभ्यास?"
"चालू आहे."
"बरं. ठेवू?"
"ठेव."

(पिवळी भाजी माझ्याच हातची. दोडक्याची होती.)

"जेवलीस का?" या प्रश्नाची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. आपल्याकडे माया विचारायची तीच रीत आहे. पण त्याच्यापुढे "अभ्यास चालू आहे ना?" हा प्रश्न आला की संपलं. त्याला 'हो' सोडून उत्तरच नाही. त्यापेक्षा आधी घरचं काहीतरी सांगा. त्यात शहाणपण नको, बातमी हवी. "कुत्रीने पडवीतल्या लाकडांखाली सहा पिल्लं घातलीत, बाबांना लाकडं काढू देत नाही." मग मुलगी स्वतःहून विचारते, रंग कसले, आजी काय म्हणाली, आणि बोलताबोलता तिचंही एखादं सांगून जाते. मागच्या वेळी तिने काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवा. मी तांदळाच्या डब्यावर एक छोटी वही ठेवलीय. "व्हायवा, टक्कल असलेले सर, सोमवार." पुढच्या फोनला विचारलं, "टक्कलवाल्या सरांनी छळलं का रे?" तर गडी वीस मिनिटं बोलला.

मुलांनो, तुम्हीही नुसतं "बरंय" म्हणू नका. पहिल्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर खोली, कॉट, मेस, बाथरूमचा नळ सगळं एकदा फिरवून दाखवा. आईच्या डोळ्यांसमोर जागा आली की तिच्या निम्म्या शंका विरतात. आणि तिला खरोखर लागणारं काहीतरी विचारा. कुळथाच्या पिठीत गुठळ्या होतात, काय करू? पांढऱ्या शर्टावर जांभळाचा डाग पडलाय, निघेल का? हे तिला तुमच्यापेक्षा जास्त येतं आणि हे विचारलेलं तिला आवडतं.

बाबांचं प्रकरण निराळं. आपल्याकडचे बाबा फोनवर बोलत नाहीत, फोनच्या शेजारी बसतात. आई बोलत असताना मागून "विचार त्याला, गाडीत ऑइल बदललं का" असा आवाज येतो. फोन हातात दिला तर "बरा आहेस ना? हं. देतो आईला." याच्यावर माझा उपाय असा की बाबांना एक खातं द्या. तिकिटांचं बुकिंग, बाइकचं, खोलीच्या भाड्याचं, काहीही. त्या खात्याचे प्रश्न आईने घ्यायचेच नाहीत, "ते बाबांना विचार" म्हणायचं. आमच्याकडे बाइक बाबांकडे आहे. चेनच्या आवाजावरून सुरू झालेलं बोलणं एकदा माझ्या देखत पाऊण तास चाललं आणि शेवटी "बाबा, मला हा विषय जमत नाहीये" इथपर्यंत पोचलं. मला तो हे बोलला नसता.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. "रात्री दोनला ऑनलाइन दिसलास" हे वाक्य. एकदा म्हटलंत की दुसऱ्या दिवशी तुमच्यापुरतं 'लास्ट सीन' बंद होतं. दिसत होतं तेही गेलं. दिसलं तर गप्प बसा, आणि सलग आठवडाभर दिसलं तर बुधवारच्या फोनला "झोप लागते ना?" एवढंच विचारा.

पायरी ६: पैशांचा वार वेगळा ठेवा

एके काळी मुंबईच्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर कोकणातली चूल पेटायची. आता गावातून शहरात पैसे जातात आणि पोस्टमनऐवजी यूपीआय आहे, पण मनीऑर्डरीची एक गोष्ट चांगली होती, तिची तारीख ठरलेली असे. तशीच ठेवा. महिन्याची पाच तारीख म्हणजे पाच. पैशांचं बोलणं त्या दिवशी, रविवारच्या फोनवर नाही. नाहीतर मुलाचा फोन आला की घरात पहिला विचार "किती मागतोय" असा यायला लागतो.

घरचं उत्पन्न कधी येतं हे मुलाला सांगा. काजू-आंब्याचा पैसा मार्च ते मे. मासेमारीवाल्यांच्या होड्या १ जून ते ३१ जुलै बंदीत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत फी, डिपॉझिट, पुस्तकं येतात. "ऑगस्टपर्यंत हात आखडता आहे" असं सरळ सांगितलेलं पोराला कळतं. न सांगता पैसे उशिरा गेले तर तो मित्राकडून उसने घेतो आणि ते तुम्हाला दिवाळीत कळतं.

यूपीआय सर्कल म्हणून एक सोय आहे. तुमच्या खात्यातून मुलाला खर्च करू देता येतो, पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० रुपयांच्या मर्यादेत. सोय चांगली, पण प्रत्येक वडापाव तुम्हाला दिसतो. ठरावीक रकमेखाली विचारायचं नाही असं ठरवूनच ती वापरा. आम्ही पाचशे धरलेत.

याच पायरीत एक परवलीचा शब्द ठरवून घ्या. "पोलीस स्टेशनमधून बोलतोय, तुमच्या मुलाला पकडलंय, पन्नास हजार पाठवा" असे फोन गावोगाव येतात, मागे रडण्याचा आवाजही ऐकवतात. असा फोन आला की "मुलाला घरचा शब्द विचारा" म्हणायचं. शब्द बाहेरच्याला सुचणार नाही असा हवा. आमचा शब्द म्हणजे आजोबांच्या एका बैलाचं नाव आहे, अर्थात इथे सांगणार नाही. मग फोन कापायचा, मुलाला लावायचा, नाही लागला तर भिंतीवरचा कागद. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०.

पायरी ७: कॉलेजची भाषा

ही थोडक्यात. मुलाने पहिल्या महिन्यात सेमिस्टरच्या तारखांचा फोटो घरी पाठवायचा आणि इंटर्नल, सबमिशन, एटीकेटी म्हणजे काय ते एकदा समजावून सांगायचं. एटीकेटी म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणं. नापास होऊन घरी बसणं नव्हे. हे माहीत नसल्यामुळे एका घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. हजेरी ७५ टक्के लागते हेही सांगून ठेवा, म्हणजे "ये की चार दिवस" असा आग्रह करताना हिशोब राहतो.

फॉर्मवर पालकांचा नंबर खराच द्या. माडीवरच्या एका मुलीच्या 'वडलांना' कॉलेजने फोन केला तर एकोणीस वर्षांच्या आवाजात उत्तर आलं. अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या सरांना परस्पर फोन करू नका. करायचाच असेल तर मुलाला सांगून करा. जिवाला धोका वाटला तर मात्र कुणाला विचारत बसू नका.

पायरी ८: प्रवासाच्या रात्री

निघालो, बसलो, पोचलो. तीन मेसेज, चौथा नको. रात्रीच्या गाडीने येताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन द्यावं. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असं निवडता येतं. आठ तास म्हणजे रात्र बहुतेक निघते. प्रवास संपला की ते बंद, आणि एरवी मागायचं नाही. ठिपका मध्येच थांबला म्हणून घाबरू नका. कुंभार्ली आणि आंबा घाटात रेंज जाते, आणि रेल्वेने येत असेल तर उक्षी-भोकेच्या मधला करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे.

घरी कधी यायचं ते आयत्या वेळी ठरत नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणजे आषाढातच ठरवायला हवं. शिमग्याचं जास्त अवघड. पालखी घरी यायची तारीख गाव ठरवतं, परीक्षेची तारीख विद्यापीठ, आणि दोघं एकमेकांना विचारत नाहीत. जमलं नाही तर पालखी अंगणात आली की व्हिडिओ कॉल लावा, पण "तू नाहीस, घर सुनं वाटतंय" हे त्या दिवशी नको. ते त्याला दिसतंच आहे.

पायरी ९: खोकं

फोनवर जे होत नाही ते खोक्यातून होतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे खोकं द्यायची आपल्याकडची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी चुका त्याच त्याच होतात. खोक्यावर मुलाचं नाव, नंबर आणि उतरवायचा स्टॉप मार्करने चारही बाजूंना लिहा, एका बाजूचं पावसाने जातं. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल मुलाला रात्रीच पाठवा. बस पहाटे साडेपाचला कात्रजला थांबते आणि ड्रायव्हर दोन मिनिटं वाट बघतो, तेव्हा रविवारी सकाळी पोचेल असं खोकं पाठवूच नका. शनिवारी रात्री जागलेलं पोरगं उठणार नाही आणि तुमची आंबापोळी स्वारगेट बघून परत रत्नागिरीला येईल. आलीय.

आत काय? टिकणारं आणि विस्तव न लागणारं. मेतकूट, कुळथाचं पीठ (खोलीत शेगडी असेल तरच), फणसपोळी, नाचणीचे लाडू, आमसुलं, लोणच्याची बरणी दोन पिशव्यांत बांधून. सुकट पाठवू नका. मी पाठवली होती. रूम पार्टनर नागपूरचा होता, त्याने दोन दिवस मित्राकडे मुक्काम हलवला. जे काही पाठवाल ते खोलीतल्या सगळ्यांना पुरेल असं पाठवा, म्हणजे ज्या दिवशी रूम पार्टनरला फोन करायची वेळ येते त्या दिवशी तो ओळखीच्या आवाजात उचलतो.

खोक्यात एक चिठ्ठी टाका. चार ओळी पुरतात. माझा मुलगा माझे मेसेज वाचतो की नाही देव जाणे, पण गेल्या दिवाळीत त्याची बॅग उपसताना चिठ्ठ्या सापडल्या, सगळ्या, रबर लावून.

पायरी १०: वाईट बातमी

"त्याची परीक्षा आहे, कळवू नका." हे वाक्य आपल्या घरांत आजही अगदी प्रेमाने बोललं जातं. आजीला दवाखान्यात हलवलेलं असतं आणि फोनवर "आजी झोपलीय" सांगतात. मग कुणीतरी लांबचा काका फॅमिली ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकतो आणि पोराला वर्गात बसून कळतं. माडीवरच्या एका मुलीला आजोबा गेल्याचं तिसऱ्या दिवशी असंच कळलं. ती माझ्यावरही चिडली होती, कारण मला माहीत होतं. त्यानंतरचे चार महिने तिने घरच्या कुठल्याच "सगळं बरं आहे" वर विश्वास ठेवला नाही. रात्री अकराला फोन करून "आईला दे, मला आवाज ऐकू दे" म्हणायची.

म्हणून हे जाण्याआधीच ठरवा: घरात कुणी आजारी पडलं तर कळवणार, त्याच दिवशी, आईबाबांपैकी एकजण, फोन करून. मेसेजने नाही, ग्रुपवर नाही. कितपत गंभीर आहे, यायची गरज आहे का, हेही स्पष्ट सांगणार. फार मोठी बातमी असेल तर आधी रूम पार्टनरला सांगा, "त्याच्याजवळ बस, आता मी त्याला फोन करतोय." मग लगेच मुलाला. मध्ये अर्धा तास जाऊ देऊ नका.

मुलाकडूनही तेच. विषय राहिला, पैसे गेले, आजारी पडलो, कुणीतरी त्रास देतंय, हे निकालाच्या दिवसापर्यंत साठवायचं नाही. त्याबदली पालकांनी पहिली दहा मिनिटं फक्त ऐकायचं. ओरडायचं असेल तर अकराव्या मिनिटाला ओरडा, पोरं तेवढं गृहीत धरून असतात. आणि आवाज खूप दिवस पडलेला वाटला, जेवण-झोप बिघडली, "काही अर्थ नाही" असं बोलणं यायला लागलं, तर रविवारची वाट बघू नका. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, तिच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. पालकही फोन करून विचारू शकतात. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर फोन चालू ठेवायचा, दुसऱ्या फोनवरून स्कूटरवाल्या मामाला पाठवायचं आणि मिळेल त्या गाडीने स्वतः निघायचं.

राहता राहिलं फोन ठेवणं

आमच्या घरी फोन ठेवायला येत नाही. "ठेव मग," "तू ठेव," असं होतं आणि शेवटी माझा नवरा मोबाइल तसाच ओटीच्या कठड्यावर उपडा टाकतो. त्याला वाटतं उपडा टाकला की बंद झाला. मागे एका बुधवारी असाच टाकला आणि मला म्हणाला, "आवाज बसलाय गो त्याचा. रात्री पंख्याखाली झोपत असणार. उद्या ट्रॅव्हल्सला काढ्याची पुडी देऊया काय?" पलीकडे पोरगं ऐकत होतं. खोकं जायच्या आधीच त्याचा मेसेज आला, "बाबा, सुंठ जास्त घाला." आता लाल बटण दाबायला शिकवलंय त्यांना. अधूनमधून विसरतात.